माझ्या टेन्शनमुळे मुलाची प्रगती थांबली आहे का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. नाशिकच्या सिडकोत राहणारी एक आई. मुलगा साडेचार वर्षांचा, अडीच वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालेलं. नवरा सातपूरला कंपनीत, पाळ्या बदलत्या. हिने बँकेतली नोकरी सोडली. सकाळी शाळा, दुपारी स्पीच थेरपी, संध्याकाळी ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या हालचाली, कामं शिकवणारे उपचार), आणि मुलगा रात्री दीड-दोनशिवाय झोपत नाही. गेल्या महिन्यात अशाच एका रात्री एक वाजता तिने त्याला दोन फटके मारले आणि मग बाथरूमचा नळ सोडून रडत बसली. पुढच्याच आठवड्यात नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "तूच सारखी टेन्शनमध्ये असतेस, म्हणून तो बोलत नाही." हे खरं आहे का, आणि खरं असेल तर मी काय करू, असं ती विचारते.

ताई, मी मूळची ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नाशिकमध्ये अशा मुलांसोबत काम करून एकवीस वर्षं झाली. त्या बाईंचं म्हणणं खरं नाही. तुमच्या टेन्शनमुळे ऑटिझम झालेला नाही, बोलणंही त्यामुळे लांबलेलं नाही. पण आईच्या ताणाचा मुलाच्या वाढीशी काडीचाही संबंध नाही, असं म्हणाले तर तेही खोटं बोलणं होईल. संबंध आहे, फक्त त्या बाई सांगतात तसा नाही.

हा आरोप फार जुना आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञांनी अकरा मुलांची निरीक्षणं मांडून ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यात पालक भावनेने कोरडे वाटतात, असे शेरेही होते. त्या शेऱ्यांतून पुढे 'फ्रीजसारखी थंड आई' ही कल्पना निघाली आणि पुढची वीसेक वर्षं डॉक्टरमंडळी ती खरी धरून चालली. मुलाला घेऊन आलेल्या आईलाच खुर्चीत बसवून तिचं बालपण उकरायचे. बर्नार्ड रिमलँड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम होता. १९६४ मध्ये त्यांनी ऑटिझमचं कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे असं ठामपणे मांडलं. मग १९७७ मध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास आला. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही ऑटिझम असण्याचं प्रमाण, वेगवेगळ्या जुळ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा, हे तिथे दिसलं. शास्त्रात ही 'थंड आई' मोडीत निघून पन्नास वर्षं होत आली. आपल्याकडे ती अजून हळदीकुंकवाला भेटते.

आता खरा संबंध काय ते सांगते. विकास उशिरा होणाऱ्या मुलांची कुटुंबं, मूल तीन वर्षांचं असल्यापासून नऊ वर्षांचं होईपर्यंत सलग पाहणारे अभ्यास झालेत. त्यांत दिसलं ते असं, की ताण दोन्ही बाजूंनी चालतो. मुलाचं रडणं, हट्ट, न झोपणं वाढलं की पालकांचा ताण वाढतो, आणि पालकांचा ताण वाढला की पुढच्या वर्षी मुलाचं वागणं आणखी अवघड झालेलं असतं. आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला रोज खरी वाटते. मूल किती मागे आहे यापेक्षा ते घरात कसं वागतं, यावर आईचा ताण जास्त ठरतो. अजिबात न बोलणारं पण रात्री शांत झोपणारं मूल असलेली आई माझ्याकडे हसत येते. वाक्यं बोलणारं पण तीन तास झोपणारं मूल असलेली आई रिक्षातून उतरतानाच रडवेली असते.

हे चक्र नेमकं कुठे फिरतं, ते संध्याकाळी सातच्या तुमच्या स्वयंपाकघरात बघू. मुलगा तुमचा हात धरून फ्रीजकडे ओढतो. झोप झालेली आई काय करते? खाली बसते, दाराला हात लावते, "दूध?" म्हणते आणि थांबते. पाचच सेकंद. त्या पाच सेकंदांत तो कधी डोळ्यांकडे बघतो, कधी "दू" असा काहीतरी आवाज काढतो, कधी नुसतंच बोट दाखवतो. बोलण्याची सगळी पूर्वतयारी त्या थांबण्यात होते. आणि दमलेली आई काय करते? दार उघडते, दूध देते, ओट्याकडे वळते. मुलाला दूध मिळालंच, कुणाचं काही चुकलं नाही. फक्त ते पाच सेकंद गेले. थकलेल्या आईचं प्रेम कमी होत नाही हो, तिचं थांबणं कमी होतं. आणि आपली मुलं इशाराच इतका बारीक देतात, की थांबल्याशिवाय तो दिसत नाही.

तेवढ्यावरून लगेच मनात हिशेब मांडू नका, की आजपर्यंत माझे किती पाच सेकंद वाया गेले. एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग व्हिडिओमुळे सगळीकडे माहीत झालाय. आईने दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा, मग बाळ कसं कासावीस होतं ते बघायचं. तो बघून आया घाबरतात. पण त्यांच्याच पुढच्या कामातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. अगदी निरोगी, आनंदी जोड्यांमध्येही आई आणि बाळ यांचे सूर जेमतेम एक तृतीयांश वेळ जुळलेले असतात. बाकीचा वेळ चुकामूक असते आणि मग परत जुळवून घेणं असतं. बाळ शिकतं ते या परत जुळवण्यातून. तुम्ही रात्री फटके मारलेत, ते चुकलंच. पण सकाळी तुम्ही त्याला मांडीवर घेऊन केस विंचरलेत ना? तेही मोजायचं.

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातून एक आई यायची, तीन वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा कमी; दोन्ही पाय कडक. मी तेव्हा नव्या उत्साहात होते. घरी करायच्या चौदा गोष्टींचा तक्ता मी तिला छापून दिला, रोज बरोबरची खूण करायला. दर पंधरा दिवसांनी ती वही आणायची. सगळ्या चौकटी भरलेल्या, आणि मुलीच्या पायांत मात्र फरक नाही. एकदा मी वही नीट बघितली. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच बाजूला झुकलेल्या, मध्येच रेघ उडालेली. एसटी खड्ड्यातून जाताना हात हलतो तशी. पंधरा दिवसांचं सगळं ती नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर येताना बसमध्ये बसून भरायची. मी विचारलं तेव्हा तिने मान खाली घातली. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालू होती. पहाटे पाचला उठून बागेत, दुपारी मजुरांचं जेवण, संध्याकाळी गोठा. चौदा गोष्टी कधी करणार होती ती? आणि नाही जमलं हे सांगायला ती मला घाबरत होती. मुलीच्या उपचाराची सगळ्यात मोठी अडचण त्या महिन्यात मीच होते.

मग आम्ही तक्ता फाडला आणि तीनच गोष्टी ठेवल्या. मुलीला कडेवर घेताना पाय जुळवून न घेता दोन्ही बाजूंना फाकवून कमरेला वेढून घ्यायचे, म्हणजे कात्रीसारखे आवळले जाणारे पाय दिवसातून दहा-पंधरा वेळा आपोआप मोकळे होतात. जेवताना मांडीवर नाही, बुटक्या स्टुलावर बसवायचं, तळपाय जमिनीला टेकलेले. आणि आंघोळीनंतर अंग पुसताना तिला कॉटला धरून उभं करायचं. यासाठी वेगळा वेळ लागत नव्हता. कडेवर घ्यायचंच होतं, जेवू घालायचंच होतं. चार महिन्यांनी मुलगी धरून उभी राहू लागली. ती तीन गोष्टींमुळेच राहिली, असा दावा मी करणार नाही. पण तोवर वहीतल्या चौदाही गोष्टी होत नव्हत्या, या तीन होत होत्या.

म्हणून पहिलं काम हे करा. तुमच्या स्पीचवाल्या मॅडमना आणि ओटीला स्पष्ट सांगा, की घरी करायला दोनच गोष्टी द्या, आणि त्या जेवण, आंघोळ, कपडे यांच्यात बसणाऱ्या असू द्या. कुणी नाराज झालं तर होऊ दे. फ्रीजपाशी थांबायचे पाच सेकंद ही एक धरा, दिवसातून तीन वेळा. बाकी दिवसभर तुम्ही थेरपिस्ट नाही. कुकर लावताना वीस मिनिटं मोबाइल दिलात तरी आभाळ कोसळत नाही. रात्री मात्र नाही, ते पुढे झोपेच्या भागात येतंच.

दुसरं काम झोपेचं. तुमच्या पत्रात बाकी दहा गोष्टी आहेत, पण मी इथूनच सुरुवात करेन. ऑटिझम असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना झोपेचा त्रास असतो आणि घरचे तो 'याचं असंच आहे' म्हणून सोडून देतात. आधी बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन शारीरिक कारणं तपासा. बद्धकोष्ठता आहे का? घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का? ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, सुजलेल्या असू शकतात. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन रक्तात कमी आहे का? ते कमी असेल तर मुलं रात्रभर पाय झाडतात. झोपेत झटके, दचकणं असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, लागेल. झोपेसाठीच्या मेलाटोनिनच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका. डॉक्टरांनी दिल्या तर जरूर द्या, त्यात काही वाईट नाही.

मग वेळेची गंमत. आपण सगळे नऊला झोपवायला घेतो आणि दोनपर्यंत कुस्ती खेळतो. उलटं करा. तो खरंच दीडला झोपत असेल तर आठवडाभर त्याला अंथरुणात एक-सव्वालाच न्या, तोवर मंद दिव्यात शांत खेळ, मोबाइल-टीव्ही नाही. उठवायची वेळ मात्र पक्की, सकाळी सात, कितीही उशिरा झोपला तरी. दुपारी तीननंतर डुलकी नाही. लवकर झोप लागायला लागली की दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. पहिले चार दिवस घर त्रासून जाईल, हे आधीच सांगून ठेवते. शाळेला सुट्टी असताना सुरू करा.

आणि या रात्री एकट्याने काढायच्या नाहीत. नवऱ्याच्या पाळ्या बदलतात ही अडचण तुम्ही सांगितलीत, मला त्यातच सोय दिसते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो मध्यरात्री घरी येतो आणि तसाही लगेच झोपत नाही. त्या आठवड्यात बारानंतरचा मुलगा त्याचा, तो आला की तुम्ही दार लावून झोपा. पहिल्या पाळीत संध्याकाळ त्याची, तुम्ही जेवण उरकून तासभर आडव्या व्हा. रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही एकट्या, तर त्या आठवड्यात एक थेरपी सरळ रद्द करा. हो, रद्द करा. फी बुडाली तर बुडाली. हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा, कारण दमलेली माणसं तोंडी ठरवलेल्या गोष्टींवरून भांडतात.

नवऱ्यांविषयी एक सांगते, त्यांची बाजू घेते असं नाही. बाबा लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक फी किती, किती दिवस लागतील, एवढंच विचारतात. बायको म्हणते, त्याला काही वाटतच नाही. पण ओव्हरटाइम वाढवणं, गप्प बसणं, घरी उशिरा येणं हे त्यांच्या ताणाचं रूप असतं. त्यांना 'तुला कसं वाटतं' विचारून काही निघत नाही. मुलासोबत करायचं एक काम नेमून दिलं की सैल होतात. एका बाबांना मी रविवारी सकाळी मुलाला घेऊन फक्त गोदाघाटावर फिरून यायला सांगितलं होतं. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला फोन करून सांगितलं, की याला पाण्याचा आवाज आवडतो. दोन वर्षांत मुलाबद्दल त्यांनी स्वतःहून सांगितलेली ती पहिली गोष्ट होती. सासूबाईंचंही तेच. सूचना देऊ नका, काम द्या. रोज सांजवात करताना तेच चार शब्द म्हणायचे आणि शेवटच्या शब्दाआधी थांबायचं, एवढं आजीला सांगा. आजीएवढं थांबायला घरात कुणाला येत नाही.

आता तुमच्याबद्दल. २००४ मध्ये एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न या शास्त्रज्ञांनी ५८ मातांच्या रक्तपेशी तपासल्या, त्यांत बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांना सांभाळणाऱ्या होत्या. ज्या जास्त वर्षं सांभाळत होत्या, आणि ज्यांना ताण जास्त जाणवत होता, त्यांच्या पेशींमधल्या गुणसूत्रांची टोकं जास्त झिजलेली निघाली. वय वाढतं तशी ती झिजतात. अभ्यास लहान होता, पण 'थकवा मनाचा असतो' म्हणणाऱ्यांना दाखवायला मला तो उपयोगी पडतो. थकवा शरीराचाही असतो.

दुःख आणि डिप्रेशन यात मी फरक करते. दुःख येतं-जातं. जूनमध्ये शाळा सुरू होताना, शेजारचं त्याच वयाचं मूल रेनकोट घालून स्कूल व्हॅनमध्ये चढताना पोटात कालवतं. सोसायटीच्या गणपतीत फॅन्सी ड्रेस असतो तेव्हा कालवतं. निदानाला दहा वर्षं झाली तरी कालवतं. त्याला औषध नको, त्या दिवशी व्हॉट्सॲपचे ग्रुप बंद ठेवले तरी पुरे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसातला बराच वेळ मन मेल्यासारखं, मूल झोपलं तरी आपल्याला झोप नाही, आवडीचं काही नकोसं, भूक गेलेली, आपण असून उपयोग नाही असं वाटणं, हे असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केलीत तरी चालेल. आणि हा प्रश्न मी प्रत्येक आईला समोरासमोर विचारते, म्हणून तुम्हालाही विचारते: त्याला घेऊन सगळं संपवावं, असं कधी मनात येतं का? आलं असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, एकटं राहायचं नाही. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही. पण नळ सोडून रडणाऱ्या बाईला मी विचारल्याशिवाय राहत नाही.

पुन्हा हात उगारावासा वाटला तर मुलाला सुरक्षित जागी ठेवून, गॅस बंद करून पाच मिनिटं गॅलरीत जा. तो रडेल. रडू दे. पाच मिनिटांच्या रडण्याने काही बिघडत नाही.

पैशांबद्दल थोडंच, पण ताणाची मोठी मुळी तिथेच असते. आपल्या शेजारी त्र्यंबकेश्वर. त्यामुळे तुम्हाला आत्तापर्यंत कुणीतरी नारायण नागबळीचा विधी सुचवलाच असणार, कदाचित कालसर्पाची शांतीही. मी त्यावर वाद घालत नाही. घरातल्या मोठ्यांच्या मनाला शांती मिळत असेल तर एकदा करून मोकळे व्हा, पण कर्ज काढून नको आणि त्यासाठी थेरपी बंद करून नको. दोष कुणाचा हे शोधायला मात्र तिथे जाऊ नका, कारण ते बोट शेवटी सुनेकडेच वळतं. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी टोचून ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्यांशी मात्र मी वाद घालते. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे. लाखो रुपये मागणाऱ्याला हेच सांगा आणि घरी या.

त्याऐवजी कागद करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात एक लाखापर्यंतचा खर्च बसतो आणि थेरपीचाही त्यात काही वाटा असतो. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथली सेवा मोफत असते. सकाळी लवकर जा, कागदांच्या झेरॉक्सचे तीन संच न्या. आणि हे काम नवऱ्याकडे द्या. सुट्टी काढायला त्याला कारण मिळेल, तुमच्या डोक्यावरची एक फाइल कमी होईल.

नोकरीचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत, 'ती आता सुटलीच'. सुटली असं मी धरणार नाही. झोप मार्गी लागली, शाळेचे तीन तास स्थिर झाले, की अर्धवेळ काहीतरी शोधा. घरखर्चासाठी नसेल लागत, तरी शोधा. माझ्याकडे येणाऱ्या ज्या आया कामावर परतल्या, त्यांच्यापैकी कुणाच्या मुलाची गाडी त्यामुळे मागे गेलेली मी बघितली नाही.

सध्या एवढंच करा. आजपासून सात रात्री एका कागदावर दोन वेळा लिहा, तो किती वाजता झोपला आणि तुम्ही किती वाजता झोपलात. दोन्ही. बसमध्ये बसून एकदम भरू नका, नाही लिहिलं तर तो रकाना कोरा ठेवा. तो कागद तुमच्या डॉक्टरांपुढे आणि थेरपिस्टपुढे ठेवा, आणि त्यांनी फक्त पहिला रकाना वाचला तर दुसऱ्यावर बोट ठेवा.